मिटलेली चोच

कावळा पिंडाजवळ उतरला तशी घाटावरची सगळी माणसं गप्प झाली. इतका वेळ ऊसतोडीच्या आणि मुक्कामाच्या एसटीच्या गप्पा मारणाऱ्या पाव्हण्यांनी घाईघाईनं हात जोडले. कावळ्यानं दोन उड्या मारल्या, पत्रावळीच्या कडेवर चढला आणि भाकरीचा तुकडा चोचीत धरला. भटजींनी "झालं" म्हणून आपली पिशवी आवरायलाही घेतली.

पण कावळ्यानं तो तुकडा गिळला नाही. मान वर केली, चोच दोनतीनदा उघडली-मिटली, गळ्याजवळची पिसं फुगवली आणि तुकडा तसाच खाली टाकला. मग त्यानं भात उचलला. पुन्हा मान वर, पुन्हा तीच उघडझाप, आणि भातही पत्रावळीवर. ठेच्याला चोच लावून त्यानं ती झटकली. उडून मात्र जाईना. खायचं आहे आणि खाता येत नाही, असं त्याचं चाललं होतं.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कारण असं जेवताना मी एका माणसाला पाहिलं होतं, आणि तिचाच तो दहावा होता.

आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. माझ्या सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळं आमच्या, कणशांच्या घरात चूल आक्काची, किल्ल्या आक्काच्या आणि आमचा पानमळाही तिच्याच नजरेखाली. पानाचा देठ खुडता खुडता एक पान तिच्या तोंडात जायचंच, वर तंबाखूची चिमूट. मला ती 'वैजे' म्हणायची. बाकीचे लोक माझ्या जिभेला भ्यायचे, आक्का मात्र म्हणायची, "तिखट हाय म्हणून टिकंल ही."

आधी तिला भाकरी अडकायला लागली. मग भात, मग पेजही. नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरल्या, बाहेरचं आहे म्हणून नारळ झाला, आणि हे सगळं करून दमल्यावर आम्ही तिला मिरजेला नेलं. अन्ननलिकेत गाठ होती, कॅन्सरची. उशीर झाला होता. डॉक्टरांनी तिच्या पोटाला भोक पाडून एक नळी बसवली आणि आम्ही त्या नळीतून दूध, ताक आणि गाळलेली पेज ओतायला लागलो. माणूस आपल्याकडे बघतंय, बोलतंय, आणि आपण त्याच्या तोंडाला वळसा घालून थेट पोटात जेवण ओततोय.

एकदा ती म्हणाली, "वैजे, पॉट भरतंय गं. त्वांड उपाशी हाय."

त्या दिवसापासून मी तिला गुपचूप भाकरी आणि ठेचा द्यायला लागले. ती डोळे मिटून मन लावून चावायची. मग मान वर करायची, ओठ दोनतीनदा उघडायची-मिटायची, उतरतोय का बघायची, आणि घास वाटीत टाकून द्यायची. आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे बघवायचं नाही. ती जेवायला बसली की ते उठून मळ्यात जायचे.

तर घाटावर तेच चाललं होतं. मग नेहमीप्रमाणे कबूल करणं सुरू झालं. आक्काचा जीव कशात तरी अडकलाय, तिला शब्द द्या, म्हणजे कावळा शिवेल. एक चुलत दीर म्हणाले, तुझी म्हैस विकणार नाही. म्हैस आमची होती. एक आत्या म्हणाली, वैजयंतीच्या पहिल्या मुलीला तुझं नाव ठेवू. मला विचारायची गरज तिला वाटली नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला लोक किती तयार असतात ते दहाव्याला बघावं. कावळा मात्र उचलत होता आणि टाकत होता.

शेवटी आण्णा पुढं झाले. धोतर सावरत पिंडासमोर उकिडवे बसले. मी त्यांच्या मागेच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"आक्के," ते म्हणाले, "त्ये माज्याकडं दे. तू जेव आता."

कावळ्यानं भाकरीचा तुकडा उचलला, मान वर केली आणि गिळला. मग दुसरा. मग भात. आम्ही सगळे बघत होतो आणि तो खात होता, इतका की दुसरे कावळे आले तरी हा हटेना.

घरी परतताना मी माझ्या नवऱ्याला, हणमंतरावांना, हे सांगितलं. ते पानांचे व्यापारी, त्यांचा सगळा हिशोब रोकडा. "कावळा बसायला आन् फांदी मोडायला गाठ पडली," म्हणाले, "उगं डोक्यात घेऊ नको." मीही घेणार नव्हते. पण पुढल्या आठवड्यात मी उशांचे अभ्रे धुवायला काढले.

आण्णांचे कपडे आणि अंथरूण आक्का स्वतःच धुवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. म्हातारीचं वेड म्हणून मी कधी भांडले नव्हते. काम कमी झालं तर भांडायचं कशाला? आता ते माझ्याकडे आलं. आण्णांच्या उशीवर भाताची शितं होती. ताटातून आत्ताच सांडावीत तशी, अख्खी. ओकारीसारखा आंबूस वास नाही, काही नाही. मला वाटलं, अंथरुणात बसून खाल्लं असेल. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा शितं. एकदा त्यात हिरवे वाटाणे होते, आणि वाटाण्याचा भात मी दोन दिवसांपूर्वी केला होता.

मग मी त्यांच्याकडे लक्ष ठेवायला लागले. ते जेवायला बसले की शेजारी पाण्याचा मोठा तांब्या घ्यायचे, एक घास की दोन घोट, आणि मध्येच उभे राहून छाती ताणायचे. दुपारी कलंडले की त्यांच्या छातीतून आवाज यायचा, डोहात घागर बुडवताना येतो तसा. ते झोपलेले असायचे, ओठ मिटलेले असायचे, आणि आत कुणीतरी पाणी पीत असायचं. मी दारात उभी राहून ऐकायची आणि मला आक्काच्या पायांची चाहूल लागल्यासारखं व्हायचं.

बघता बघता आण्णांच्या गळ्याची हाडं वर आली. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. हणमंतराव आता फांदीचं नाव काढेनात. आक्काला होतं तेच ह्यांना झालंय हे आम्हा दोघांना कळत होतं, आणि ते तोंडानं कुणीच म्हणत नव्हतं. दवाखान्याचा विषय काढला की आण्णा एकच सांगायचे, "मला काय झाल्यालं न्हाई. आन् झालं असंल तर त्ये माजं हाय." माणूस डोळ्यांसमोर उपाशी मरत होता, घरात पोतंभर तांदूळ असून. आक्काच्या वेळी झाला तो उशीर मी पुन्हा होऊ देणार नव्हते.

सरळ बोटानं तूप निघेना, म्हणून मी वाकडं केलं. एका सकाळी पोट धरून चुलीपाशी बसले. हणमंतराव पानांच्या डागा बांधून घेऊन मिरजेच्या बाजारात गेले होते. मी म्हटलं, कळा येताहेत, मला दवाखान्यात जायला हवं, पण सोबतीला कोण येणार? आण्णांनी एक शब्द विचारला नाही. पायांत वहाणा घातल्या, डोक्याला पटका बांधला आणि मला म्हणाले, "ऊठ पोरी. उशीर करू नगं." गाडीत त्यांनी स्वतःचा पंचा माझ्या पाठीशी घडी करून ठेवला. खोटं दुखणं काढून एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर मुतालिकांनी विचारलं, पेशंट कोण? मी आण्णांकडे बोट दाखवलं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, पण चारचौघांत सुनेला खोटं पाडण्यातले ते नव्हते. डॉक्टर तरुण, बोलके, मूळचे बेळगावकडचे. मी त्यांना आक्काची गाठ सांगितली, उशीवरची शितं सांगितली. कावळ्याचं सांगितलं नाही. त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. म्हणाले, आधी पांढरं औषध पाजून फोटो काढू, मग कळेल.

फोटोच्या खोलीत अंधार होता. दारावर एक तांबडा दिवा, आणि कोपऱ्यात टीव्हीसारखा पडदा. आण्णा एकटे आत जाईनात, म्हणून मला शिशाचा जड एप्रन घालून त्यांच्याजवळ उभं राहू दिलं. आण्णांना एका उभ्या फळीला टेकवलं आणि त्यांच्या हातात खडूच्या पाण्यासारख्या पांढऱ्या औषधाचा पेला दिला. पडद्यावर त्यांच्या बरगड्या उमटल्या. माझ्या सासऱ्यांचा सांगाडा माझ्यासमोर श्वास घेत होता आणि शेजारी ते स्वतः उभे होते. कुणाकडे बघावं मला कळेना.

"घोट घ्या, आजोबा," डॉक्टर म्हणाले.

आण्णांनी घोट घेतला. पडद्यावर एक पांढरी धार गळ्यातून उतरली, छातीत आली आणि थांबली. दुसरा घोट. तोही तिथंच. पांढरं पाणी साचत गेलं, छातीच्या मधोमध पिशवीसारखं फुगलं. त्यात काळे ठिपके हळूहळू फिरत होते. "कालपरवाचं जेवण," डॉक्टर म्हणाले. ती पिशवी खाली निमुळती होत गेली, आणखी निमुळती, आणि अगदी टोकाशी मिटून गेली. तिच्या खाली सगळा अंधार.

डॉक्टर बराच वेळ वाकून वाकून बघत होते. मी एप्रनच्या आत देवाचं नाव घेत होते.

"गाठ दिसत नाही," ते शेवटी म्हणाले. "खात्रीसाठी उद्या दुर्बीण घालून बघू. पण हा कॅन्सर वाटत नाही मला. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूचं एक दार असतं. घास आला की ते सैल व्हावं लागतं. यांचं होत नाही, एवढंच. फुग्याची नळी घालून आपण ते सैल करू."

मी पदर तोंडात धरून रडले. इतके दिवस मनातल्या मनात मी आण्णांच्या पोटाला नळी लावून बसले होते. आणि आता एक माणूस सांगत होता की नुसतं एक दार उघडायचं आहे. अंधारात माझं रडणं कुणाला दिसलं नाही, बरं झालं.

डॉक्टरही खुशीत आले असावेत. पडद्यावरच्या त्या निमुळत्या टोकावर त्यांनी पेन ठेवलं. म्हणाले, "हे बघा, अगदी पुस्तकात असतं तसं आलंय. याला आम्ही पक्ष्याची चोच म्हणतो."

आण्णांनी फळीला टेकूनच मान वळवली. पहिल्यांदाच पडद्याकडे नीट बघितलं. मीही बघितलं, आणि एकदा तसं बघितल्यावर दुसरं काही दिसेना. त्यांच्या छातीत चोच होती. खाली वळलेली, टोकदार, घट्ट मिटलेली.

"कुटल्या पक्ष्याची?" आण्णांनी विचारलं.

डॉक्टर हसले. "कुठलाही घ्या. चिमणीची समजा."

"चिमणीची न्हाई," आण्णा म्हणाले, आणि हातातला पेला त्यांनी खाली ठेवला.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन ते बसले ते हलेनातच. डॉक्टर दोनदा येऊन समजावून गेले. म्हणाले, तुमच्या बहिणीचा आजार वेगळा, तुमचा वेगळा, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फुग्यानं दार सैल करताना थोडा धोका असतो, पण न केलं तर जेवण जाणार नाही, आणि माणूस किती दिवस काढेल? आण्णांनी सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि नको म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे बघून गेले. आता तुम्हीच बघा, असं ते बघणं होतं.

मी त्यांच्या शेजारी बसले. सुनेनं सासऱ्याशेजारी बाकावर बसायची आमच्यात रीत नाही, पण त्या दिवशी कुणाला रीत आठवत होती?

"आण्णा, आक्काचं दुखणं तुम्ही मागून घेतलं," मी म्हटलं. "घाटावर मी ऐकलंय. पण आक्काला तरी तुमचे असे हाल आवडतील का?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं.

"आक्काचं?" ते म्हणाले. "तुला वाटलं मी आक्काचं घेतलं?"

"मग?"

"त्ये माजंच व्हतं, पोरी."

मग ते बोलायला लागले. एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस; त्या बाकावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी त्या घरात यायच्या आधीपासून त्यांचा घास अडकत होता. कुणाला सांगितलं नव्हतं. पण आक्का अभ्रे धुवायची, तिला शितं दिसली. ती काही बोलली नाही. एका सकाळी मळ्यात गेली. पानमळ्यात आम्ही वहाणा घालून जात नाही, तिनं बांधावर वहाणा काढल्या, आत जाऊन पहिल्या वेलाच्या बुडाशी भाकरीचा घास ठेवला आणि वेलाला हात लावून म्हणाली, ह्याचं मला दे. आण्णा पलीकडच्या ओळीत पानं खुडत होते. त्यांनी ऐकलं. आणि त्यांनी तिला अडवलं नाही.

"मला वाटलं, बायकांचं काय तरी असतंय," आण्णा म्हणाले. "पर माजं उतराय लागलं. समदं न्हाई, पर भाकरी जायची. आन् मग तिला ठसका लागाय लागला."

मला तो घास आठवला. रोज जेवणाआधी आक्का पदराखाली एक घास घेऊन मळ्यात जायची, आणि मी म्हणायची, नागोबाला घातला का आक्का नैवेद्य? ती हसायची. वेल वाळू नये म्हणून करत असेल, एवढंच मला वाटायचं. इतकी वर्षं ती तिथं भावाचं दुखणं पोसत होती.

"म्हंजे घाटावर मी काय मोठं केलं न्हाई," आण्णा म्हणाले. "माजं माज्याकडं परत आलं. त्यात वाईट काय?"

"वाईट काही नाही. पण आता डॉक्टर ते काढून टाकतो म्हणतात. आक्का तर जेवली. कावळा शिवला. मग आता नको का म्हणता?"

आण्णांनी समोर बघितलं. व्हरांड्याबाहेर कडुनिंब होता. त्यावर काय बसलं होतं ते मी बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही.

"काडून टाकतो म्हंजे कुटं टाकणार?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "माज्यातनं निगालं, तवा जवळच्या माणसात गेलं. आता निगालं तर कुटं जाईल? माज्या उशीची आब्रं कोण धुतंय?"

"मी."

"माजं ताट कोण वाढतंय? उष्टं कोण काडतंय?"

"मी, आण्णा."

"मग," ते म्हणाले.

म्हणजे हा माणूस इतके दिवस माझ्यासाठी उपाशी राहिला होता. मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त भीती वाटली. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. मी शिकलेली होते, मॅट्रिक. डॉक्टरांचं बोलणं मला कळलं होतं. तरी त्या क्षणी मला वाटलं की ती चोच आता माझ्याकडे बघते आहे. मी आवंढा गिळला आणि तो गेला, हे मला नीट जाणवलं. त्याआधी आयुष्यात मला ते कधी जाणवलं नव्हतं.

मी म्हटलं, "आण्णा, सकाळी माझ्या पोटात कळा आल्या."

"न्हवत्या आल्या. कळलं मला हितं आल्यावर."

"कळा खोट्या होत्या. पण तुम्ही उठलात का नाही? एक शब्द न विचारता वहाणा घातल्यात. पंचा पाठीशी ठेवलात. आक्कानं घेतलं तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तुम्हीही नाही. दोघं मुक्यानं एकमेकांचं घेत-देत बसलात आणि ती गेली. मला हे जमायचं नाही. माझं तोंड कसं आहे तुम्हाला माहीत आहे. माझ्याकडे यायचं असेल तर येऊ दे. पहिला घास अडकला की मी गाव गोळा करीन, आणि तुम्ही मला इथं घेऊन याल. आणाल ना?"

त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"आणायला तुम्ही जिवंत पाहिजे, आण्णा."

त्यांचे ओठ हलले. आक्कासारखेच, दोनतीनदा उघडले-मिटले. मग ते म्हणाले, "बोलाव त्या पोराला."

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली, गाठ नव्हती. मग फुगा झाला. हणमंतराव आणि मी बाहेर बसलो होतो, आणि त्यांनी बाजारातून आणलेली केळी दोघांनाही सोलवली नाहीत. संध्याकाळी आण्णांनी पाणी प्यायलं, सकाळी पातळ पेज. तिसऱ्या दिवशी मी मऊ भात कालवून दिला. त्यांनी घास तोंडात घातला, थांबले, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "गेला," म्हणाले. एवढंच. मग वाटी पुढं केली.

घरी आल्यावर ते भरले. सदरा खांद्यावर बसला, उशीवर शितं दिसेनाशी झाली. छातीतला तो आवाजही बंद झाला, इतका की दुपारी ते निजले की मी दाराशी जाऊन श्वास चालू आहे ना बघायची. फक्त एक गोष्ट बदलली ती बदललीच. मी जेवायला बसले की आण्णा समोर येऊन बसायचे. माझ्या गळ्याकडे बघत राहायचे. प्रत्येक घास उतरेपर्यंत. माझ्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या आणून ठेवायचे आणि मी तो दर वेळी बाजूला सारायची. त्यांनी बघावं म्हणून पहिला घास मी कोरडाच खायला लागले. शेजारच्या बायका म्हणायच्या, म्हातारा सुनेचे घास मोजतो. म्हणू दे.

असे ते बरीच वर्षं जगले, आणि गेले ते झोपेत, काही न सांडता. दहाव्याला नदीवर पुन्हा तीच माणसं, थोडी म्हातारी झालेली. पुन्हा कुणी काय कबूल करायचं याची तयारी चालली होती. भटजी मला म्हणाले, वहिनी, तुमच्या मनात काही असेल तर बोला. मी तोंड उघडायच्या आत कावळा आला, भाकरीचा मोठा तुकडा उचलून एका दमात गिळला आणि उडून गेला. आण्णांना माझ्याकडून काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण आवरताना माझ्या उशीवर मला भाताचं एक शीत दिसलं.

मी ते बोटावर घेतलं. ओलं होतं. आदल्या दिवशी शंभर पानं वाढली होती, केसात अडकलं असेल, पदराला लागलं असेल, हे सगळं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही असेल. पण कुणी आसपास नसलं तरी माझा हात गळ्याशी गेला होता, आणि समोरची जागा, जिथं आण्णा बसायचे, ती रिकामी होती.

मी हणमंतरावांना बोलावलं आणि शीत दाखवलं. कावळ्या-फांदीचं ते काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "चल." वाटेत मळा लागला तेव्हा त्यांनी मोटरसायकल हळू केली. मी म्हटलं, थांबू नका.

मिरजेला डॉक्टर मुतालिकांचे केस पांढरे झाले होते. काही त्रास आहे का विचारलं तर मी नाही म्हटलं. तरी फोटो काढा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, त्यांना बाक आठवला असावा, आणि ते हो म्हणाले.

तीच अंधारी खोली, दारावर तोच तांबडा दिवा. मी फळीला टेकून उभी राहिले. पडद्यावर माझ्या बरगड्या उमटल्या. मी घोट घेतला आणि मान वळवली.

पांढरी धार गळ्यातून उतरली, छातीतून सरळ खाली गेली, कुठंही थांबली नाही. टोक नव्हतं, पिशवी नव्हती. जे होतं ते खाली निघून गेलं आणि मागं काही उरलं नाही. डॉक्टर म्हणाले, काही नाही, अगदी मोकळं आहे.

मी हसले. मग मला कळलं की मी शोधत होते. आक्का-आण्णा दोघांपैकी कुणीतरी आत असेल म्हणून मी त्या अंधारात इतका वेळ बघत होते, आणि तिथं कुणी नव्हतं. दहावा झाला, कावळा शिवला, तरी आण्णा गेले हे मला त्या पडद्यासमोर पहिल्यांदा समजलं. उरलेलं पांढरं पाणी मी पिऊन टाकलं. तेही सरळ खाली गेलं.